जॉब पास होतोय, तर आणखी चांगला कशाला करायचा?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तू आयटीआय टर्नर, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत सीएनसी लेथवर, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या लेथवर, आहेस. पहिले सहा महिने घरी गेल्यावरसुद्धा डोक्यात मशीनच फिरत होतं. आता शिफ्ट भरायची, जॉबचा, म्हणजे मशीनवर कापून काढलेल्या तुकड्यांचा, काउंट लिहायचा आणि घर गाठायचं. मोबाईलवर प्रेरणेचे व्हिडिओ बघतोस, दोन दिवस अंगात वारं शिरतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तुझा खरा सवाल शेवटी आला आहे: "जॉब पास होतो, पगार तेवढाच मिळतो, मग जिवाचा आटापिटा कशाला?" आणि जाता जाता विचारलंस की नोकरी बदलू का.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या टूलरूममध्ये उमेदीची सगळी वर्षं काढली. आता शिकाऊ पोरांना हाताखाली घेतो. तुझ्यासारखा प्रश्न दर वर्षी एखादा तरी विचारतो, आणि मला त्या पोराबद्दल आशा वाटते. ज्याला कामाचं काहीच वाटत नाही, त्याला हा प्रश्न पडत नाही.

पहिल्या सहा महिन्यांत तुला उत्साह कुठून आला होता ते बघू. तेव्हा कुणी भाषण दिलं नव्हतं. रोज काहीतरी नवीन हाताला लागत होतं. परवा ऑफसेटचं, म्हणजे माप सरकलं की मशीनला द्यायच्या दुरुस्तीच्या आकड्याचं, गणित कळत नव्हतं, काल कळलं. सॉफ्ट जॉ (जॉब धरणारे मऊ जबडे) बोअर करायला हात थरथरत होता, आज एकट्याने केले. आपल्यात पडलेला फरक आपल्या डोळ्यांना दिसत होता. माणसाला कामाला जुंपणारी याच्याइतकी दांडगी गोष्ट मी दुसरी पाहिली नाही. मग एकच पार्ट आला, एकच प्रोग्रॅम आला. दार उघड, जॉब काढ, दुसरा लाव, सायकल स्टार्ट दाब. शिकणं थांबलं आणि फरक दिसायचा बंद झाला. तू आळशी झालास असं मला वाटत नाही. तुला स्वतःच्या कामात बघण्यासारखं काही उरलं नाही, एवढंच झालंय.

व्हिडिओ टिकत नाहीत तेही यामुळेच. ते मन तापवतात, पण सकाळी सातच्या शिफ्टला समोर तेच मशीन असतं आणि कालच्यापेक्षा आज वेगळं काय करायचं हे त्यात कुणी सांगितलेलं नसतं. उत्साह आला की काम चांगलं करीन, असं म्हणून थांबलेली माणसं मी थांबलेलीच पाहिली. उत्साह कामाच्या पोटी जन्मतो, आणि तोही त्या कामात तू काही शोधत असशील तर.

आता 'पास होतो' या शब्दाकडे येतो, कारण सगळी गोम तिथे आहे.

समज, तुझ्या ड्रॉइंगवर ४० मिलिमीटरचा शाफ्ट आहे आणि टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, एच सहा. म्हणजे वरची हद्द ४०.००० आणि खालची ३९.९८४. सोळा मायक्रॉनची जागा, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तू ३९.९९९ काढलास तरी पास, ३९.९८५ काढलास तरी पास. इन्स्पेक्शनवाला दोन्हींवर सारखीच खूण करतो. मग दोन्ही जॉब सारखे का?

शाफ्टसाठी सारखे असतील, तुझ्यासाठी नाहीत. जो पोरगा कडेवर माप ठेवतो, त्याचा पुढचा जॉब कुठे जाईल हे त्याला स्वतःला माहीत नसतं. इन्सर्ट, म्हणजे टूलची कापणारी पात, झिजत जातो तशी बाहेरच्या व्यासाची साईज वाढत जाते. ३९.९९९ वर असलेला माणूस दोन मायक्रॉन झिजेला मापाबाहेर पडतो. ३९.९९२ वर, म्हणजे मध्यावर असलेल्याला दोन्ही अंगांना आठ-आठ मायक्रॉनची मोकळीक असते. तो शांतपणे काम करतो, कारण काय चाललंय ते त्याच्या ताब्यात आहे. आपल्या कोल्हापूरच्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप ज्या गाड्यांच्या कंपन्यांना माल देतात, त्या आता नुसता 'पास' शेरा मागत नाहीत, सीपीके मागतात, म्हणजे मापं हद्दीच्या आत किती भरवशाने बसतात ते सांगणारा आकडा. १.३३ सीपीके म्हणजे सरासरी माप आणि जवळची हद्द यांच्यामध्ये तुझ्या मापांच्या नेहमीच्या फरकाची, ज्याला सिग्मा म्हणतात त्याची, चार पट जागा शिल्लक पाहिजे. सोळा मायक्रॉनच्या टॉलरन्सला आणि बरोबर मध्यावर काम असेल तर तो सिग्मा दोन मायक्रॉन येतो. कडेवर खेळणाऱ्याला हे कधीच जमायचं नाही, मग त्याचे सगळे जॉब पास झालेले का असेनात.

एक गोष्ट प्रत्येक नव्या पोराला मी करून दाखवतो, तूही करून बघ. नुकताच उतरवलेला, हाताला चटका देणारा जॉब मायक्रोमीटरने मोज. आकडा लिहून ठेव. तोच जॉब टेबलावर ठेवून चांगला गार होऊ दे आणि पुन्हा मोज. पोलाद दर मीटरला, दर अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. ४० मिलिमीटरचा शाफ्ट खोलीच्या तापमानापेक्षा तीस अंशांनी गरम असेल तर तो जवळजवळ चौदा मायक्रॉन मोठा दिसतो. तुझी सगळी हद्दच सोळाची! गरम असताना ३९.९९५ दाखवणारा, बघताक्षणी पास वाटणारा शाफ्ट गार झाल्यावर ३९.९८१ वर येऊन बसतो आणि रिजेक्ट होतो. म्हणून तर जगभर मापं २० अंश सेल्सियसला धरून बोलली जातात. मागे एका शिकाऊ पोराला हे दाखवलं तेव्हा तो दुसरा आकडा बघून गप्पच झाला. मग त्याने आपण होऊन मायक्रोमीटर पुसला, झिरो तपासला, तिसऱ्यांदा मोजलं. ते तिसरं मोजणं मी त्याला सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून जॉब उतरवल्यावर तो हाताच्या मागच्या बाजूने आधी शिवून बघायला लागला. शिफ्ट तीच होती, मशीन तेच होतं आणि पगारही तोच होता, पण आता त्याला त्यात बघायला काहीतरी सापडलं होतं.

'आणखी चांगलं का करायचं' याचं माझं उत्तर हे आहे. पासची रेघ दुसऱ्याने आखलेली असते आणि ती ओलांडली की तुझं मन झोपी जातं. त्या रेघेच्या आत स्वतःची एक रेघ आखलीस की रोज सकाळी तुझ्यापुढे काहीतरी अवघड उभं राहतं, आणि मन अवघड गोष्टीपुढेच जागं असतं. मालकावर उपकार म्हणून हे करू नकोस. तुझे आठ तास तुझे राहावेत म्हणून कर. आयुष्यातले इतके तास तिथे जाणार आहेत, ते नुसते ढकलायचे ही फार महागाची गोष्ट आहे.

आता कमिटमेंट. तू लिहिलं आहेस, "मी ठरवलं होतं की नंबर एकचा टर्नर होणार, पण टिकलं नाही." हे टिकण्यासारखं नव्हतंच. नंबर एक कोण हे ठरवणार कुणी? कधीपर्यंत? आज संध्याकाळी घरी जाताना तू तो शब्द पाळलास की मोडलास, हे तुला सांगता येईल का? ज्या शब्दाचा हिशेब त्याच दिवशी लागत नाही, तो मोडला तरी कळत नाही, आणि न कळता मोडलेले शब्द माणसाला आतून पोखरतात. आपण बोलतो ते करत नाही, अशी स्वतःबद्दलच खात्री बसत जाते.

शब्द लहान दे. इतका लहान की मोडायची लाज वाटावी. उदाहरणार्थ: पहिला जॉब लावायच्या आधी मायक्रोमीटर पुसून झिरो बघणार. बस. किंवा: दर दहाव्या जॉबचं माप वहीत लिहिणार. किंवा: बर (कडेला राहिलेली धारदार कोर) न काढता एकही जॉब ट्रेमध्ये ठेवणार नाही. यातला एकच घे, तिन्ही घेऊ नकोस. आणि तो कशाच्या पाठोपाठ करायचा हेही ठरव. 'रोज करीन' म्हटलं की राहतं. 'मशीनचा झिरो रिटर्न झाला (सुरू केल्यावर मशीन आपल्या मूळ जागी गेलं) की लगेच मायक्रोमीटर हातात' असं ठरलं की हात आपोआप जातो. थंडीत हे विशेष कामाला येतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी स्पिंडल, म्हणजे जॉब फिरवणारा दांडा, गार असतो आणि तो तापेपर्यंत साईज सरकत राहते, तेव्हा पहिल्या काही जॉबना डोळ्यात तेल घालून बसावं लागतं. ज्याचा हात सवयीने मायक्रोमीटरकडे जातो, त्याची सकाळ वाया जात नाही.

एकवीस दिवसांत सवय लागते असं तुला व्हिडिओत सांगितलं असेल. त्याच्यावर भिस्त ठेवू नकोस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ माणसांवर याचा अभ्यास केला होता, २००९ मध्ये तो समोर आला. नवी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसात फरक इतका की कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाचा हिशेब २५४ दिवसांवर गेला. त्यातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे: मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा खोळंबा झाला नाही. आपली पोरं नेमकी इथे हरतात. एक दिवस चुकला की 'गेलं सगळं' म्हणून वहीच कोपऱ्यात फेकतात. एखादा दिवस चुकू दे. दुसरा दिवस मात्र चुकवायचा नाही.

शब्द कुणाला दिला आहे, हेही तितकंच महत्त्वाचं. स्वतःला दिलेला शब्द मोडताना साक्षीदार नसतो. खाशाबा जाधवांची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना अर्धी माहीत असते: कराडजवळच्या गोळेश्वरचा मल्ल, १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच्या आधीची चार वर्षं कमी लोकांना ठाऊक असतात. १९४८ ला लंडनमध्ये ते सहावे आले होते. मातीत घडलेला मल्ल तिथे गादीवर उतरला होता आणि गादीची कुस्ती वेगळी असते. पुढच्या खेपेला जायला पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. विचार कर, आपल्या शिक्षकाचं घर गहाण आहे हे माहीत असलेला माणूस आखाड्यात कसा उतरत असेल. त्याला सकाळी उठायला व्हिडिओ लागत नसणार. तुझ्यासाठी कुणी घर गहाण ठेवावं असं मी म्हणत नाही. पण एक माणूस शोध ज्याला तुझा तो लहानसा शब्द माहीत असेल आणि जो शनिवारी चहा पिताना विचारेल, "काय रे, वही भरली का?" मित्र चालेल, बहीण चालेल. घरातल्यांना मशीनमधलं काही कळत नसलं तरी अडत नाही. विचारणारं कुणीतरी असलं की झालं.

वहीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्याकडे टिकलेल्या पोरांमध्ये ही एक गोष्ट मला जवळजवळ प्रत्येकात दिसली. साधी शंभर पानी वही घे, मोबाईलमध्ये लिहू नकोस, तेलकट हाताने मोबाईल हाताळला जात नाही आणि हातात घेतला की भलतंच उघडतं. प्रत्येक पार्टला दोन पानं. वर ड्रॉइंग नंबर, मटेरियल, कोणता इन्सर्ट, स्पीड-फीड (जॉब फिरायचा आणि टूल सरकायचा वेग) किती. खाली तीन रकाने: कितवा जॉब, माप किती, काय केलं. एवढंच. पहिला आठवडा हे कंटाळवाणं वाटेल. मग एक दिवस मागची पानं चाळताना तुला दिसेल की या कास्टिंगला (ओतीव तुकड्याला) अमुक इतक्या जॉबनंतर साईज तीन मायक्रॉन वर सरकतेच. दुसऱ्या एका लॉटला तीच गोष्ट निम्म्या जॉबमध्ये झाली, म्हणजे तो लॉट कडक होता. आता माप तपासायचा गेज अडायच्या आधी तुला कळतं. तू आधीच ऑफसेट देतोस. सुपरवायझर येऊन विचारतो, "काय झालं, साईज गेली का?" आणि तू म्हणतोस, "जाणार होती." ते दोन शब्द बोलायला मिळाले की पुढचे कित्येक महिने कुणी ढकलावं लागत नाही. पहिल्या सहा महिन्यांतला जो उत्साह तू शोधतो आहेस, तो असा परत येतो.

वहीत बिघडलेले जॉबही लिही, कारणासकट. 'मटेरियल खराब' हे कारण फार लवकर लिहिलं जातं. लिहायच्या आधी तीन गोष्टी बघ: जॉब पकडणारा चक नीट साफ होता का, जॉब पूर्ण टेकला होता का, इन्सर्टची कड कशी आहे. ब्लो होल, म्हणजे ओतकामात राहिलेली पोकळी, निघालं तर ते फाउंड्रीचं, त्यात तुझा दोष नाही, तसं स्पष्ट लिही आणि सुपरवायझरला दाखव. रिजेक्शनची ट्रे दिवसाअखेर नुसती भंगारात रिकामी होते तेव्हा मला वाईट वाटतं. त्या ट्रेमध्ये शिकण्यासारखं जेवढं असतं तेवढं पास झालेल्या मालात नसतं.

वाईट दिवसांचं काय? ते येणार. रात्रपाळीनंतर येतात, घरात कुणी आजारी असलं की येतात, काही कारण नसतानाही येतात. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे तुला माहीत आहेच. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ असतं १०.४ मिलिमीटर व्यासाचं, पन्नास मीटरवरून. माप तुझ्या रोजच्या कामातलं आहे, म्हणून सांगतो. २०२२ च्या कैरोच्या जागतिक स्पर्धेत तो चौथा आला. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, २०२३ मध्ये, अंतिम फेरीत पदकाच्या जागेवर असताना एक गोळी ७.६ वर गेली आणि पुन्हा चौथा. एवढ्या वरच्या दर्जाला ७.६ म्हणजे फारच वाईट गोळी. एक वर्षही उलटलं नव्हतं, १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ४५१.४ गुणांवर कांस्य. पात्रता फेरीत तो सातवा होता, अंतिम फेरीत गेलेल्या आठ जणांत सातवा. मला यात पदकापेक्षा मधले महिने मोठे वाटतात. ती एक गोळी विसरायची नव्हती आणि उरावरही बसू द्यायची नव्हती. रेंजवर जाऊन पुन्हा तीच गुडघ्यावरची, झोपून आणि उभ्याने घ्यायची पोझिशन. वाईट दिवशी तुझ्याकडूनही मला एवढंच हवं आहे: बाकी सगळं राहू दे, झिरो बघ आणि दहाव्या जॉबचं माप लिही. त्या दिवशी उत्तम काम करायचा हट्ट धरू नकोस. रेघ सुटली नाही एवढं बघ.

आता पैशाचं आणि थकव्याचं बोलतो, कारण हे टाळून कामाच्या निष्ठेवर बोलणारे लोक मला आवडत नाहीत.

काम चांगलं केलं की पगार आपोआप वाढतो, हे खरं नाही. कधी वाढतो, बरेचदा वाढत नाही. पगार मागावा लागतो, आणि मागताना हातात काहीतरी दाखवायला लागतं. वही तिथेही उपयोगी पडते: सहा महिन्यांत माझ्या मशीनचं रिजेक्शन किती होतं, किती झालं, इन्सर्ट किती लागायचे, आता किती लागतात. हे मांडून बोललास तर मालकाला ऐकावं लागतं. आणि कुणी 'निष्ठा' हा शब्द वापरून तुला फुकट ओव्हरटाइम करायला लावत असेल, सुरक्षेचं दार उघडं ठेवून मशीन पळवायला सांगत असेल, तर स्पष्ट नाही म्हण. इंटरलॉक (दार उघडं असताना मशीन चालू न देणारी सोय) काढून चार जॉब जास्त काढणं याला मी उत्कृष्टता म्हणणार नाही, त्यात बोटं जातात. निष्ठा कामाशी ठेव. माणसाशी आणि कंपनीशी ठेवायची ती दोन्ही बाजूंनी असेल तरच.

झोपेचंही असंच. ॲन्डर्स एरिक्सन यांनी बर्लिनमधल्या व्हायोलिन शिकणाऱ्यांवर केलेला १९९३ चा अभ्यास लोक हजारो तासांच्या सरावासाठी सांगतात. त्यात हेही होतं की सगळ्यात चांगले वादक मन लावून, पण थोड्या थोड्या वेळाच्या बैठकांत सराव करत, आणि इतरांपेक्षा जास्त झोपत. दुपारची डुलकीसुद्धा घेत. आपल्याकडच्या तालमीतही पहाटेचा व्यायाम झाला की पैलवानाला खुराक आणि झोप सांभाळावीच लागते, वस्ताद त्यावर डोळा ठेवून असतो. रात्रपाळी करून दिवसभर मोबाईल बघणारा पोरगा दोन मायक्रॉनचा फरक पकडू शकत नाही, मनात कितीही असो. तुझी रात्रपाळी असेल त्या आठवड्यात नवीन काही शिकायला घेऊ नकोस. जे चालू आहे ते नीट चालव आणि खोलीत अंधार करून झोप.

वस्तादाचा विषय निघाला म्हणून सांगतो. एकट्याने माणूस एका मर्यादेपर्यंतच वाढतो, कारण स्वतःचं काय चुकतंय हे स्वतःला दिसत नाही. तुझ्या शॉपमध्ये एखादा जुना मिस्त्री असेल, बहुतेक अजून हातावरच्या लेथवर बसणारा, ज्याला टूल कापताना नुसत्या आवाजावरून कड गेलेली कळते. त्याच्याकडे जा. "मला शिकवा" असं म्हणू नकोस, त्याला काय शिकवायचं ते सुचत नाही आणि तो म्हणतो बघून शीक. नेमका प्रश्न घेऊन जा: "काका, या जॉबला फिनिशला रेघा उठायल्यात, फीड कमी केला तरी जात नाहीत, काय बघू?" मग बघ, माणूस हातातलं काम टाकून येतो. जुन्या मिस्त्रींना असा प्रश्न विचारणारं आता कुणी भेटत नाही. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे तो तू पाहिला असशील. बाबूराव पेंटर आणि त्यांचे चुलत भाऊ आनंदराव यांनी सिनेमाचा कॅमेरा बनवायचं मनावर घेतलं. १९१६ ला आनंदराव गेले. बाबूरावांनी दामल्यांसारख्या शिष्याला हाताशी धरून १९१८ मध्ये कॅमेरा चालता केला. पदवी नाही, कारखाना नाही, चित्रं रंगवणारी माणसं. त्यांच्या हाताखाली दामले, फत्तेलाल, शांताराम तयार झाले आणि पुढे मराठी सिनेमा त्यांनी उभा केला. कोल्हापुरात यंत्राची विद्या अशी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात आली आहे. उद्यमनगरातली ऑइल इंजिनंही याच रीतीने उभी राहिली, समोर ठेवून, खोलून, घासून, पुन्हा जोडून. तुझ्या शॉपमधला तो म्हातारा मिस्त्री याच साखळीतला आहे. तो निवृत्त व्हायच्या आत त्याच्याकडून जेवढं घेता येईल तेवढं घे.

शिकलास की दुसऱ्याला दाखव. तुझ्यानंतर आलेल्या हेल्परला गरम जॉब आणि गार जॉब मोजून दाखव. समजावून सांगताना आपलंच कच्चं कुठे आहे ते उघडं पडतं. शिवाय तो तुझ्याकडे बघतोय हे कळल्यावर तू बर न काढता जॉब ट्रेमध्ये टाकणार नाहीस.

राहिला नोकरी बदलण्याचा प्रश्न. आत्ता बदलू नकोस असं माझं मत आहे, आणि त्याला एकच कारण आहे: कंटाळा घेऊन गेलास तर नव्या ठिकाणी सहा महिने नवेपणाचे जातील आणि मग हाच प्रश्न तू गोकुळ शिरगावातून किंवा कागलमधून विचारशील. आहे तिथे वही भर. दोन-तीन वेगवेगळे पार्ट हाताखालून जाऊ देत. सेटिंग करणाऱ्याला मदत करायची परवानगी माग, नाही मिळाली तर पुन्हा माग. प्रोग्रॅमिंगचा कोर्स करायचा विचार आहे म्हणालास, जरूर कर, पण आधी आपल्याच मशीनवर चालू असलेला प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचून वहीत उतरव आणि प्रत्येक ओळीला टूल कुठे जातं ते पेन्सिलीने काढ. कोर्समध्ये बसशील तेव्हा अर्धा वर्ग कोड पाठ करत असेल आणि तुला टूल डोळ्यांपुढे दिसत असेल. एवढं करूनही शॉपमध्ये शिकण्यासारखं काही उरलं नाही, किंवा सेटिंगला हात लावूच देत नाहीत असं झालं, तर खुशाल बदल, मनात काही न ठेवता.

मुलाखतीला जाताना ती वही घेऊन जा, सर्टिफिकेटच्या फाईलबरोबर. जाण्यापूर्वी तुझ्या इन्स्पेक्शनच्या माणसाला गाठून सीपीके कसा काढतात ते एकदा शेजारी बसून शिकून घे. एकाच पार्टची सलग पंचवीस-तीस मापं असली की साध्या कॅल्क्युलेटरवर निघतो, आणि तोपर्यंत तुझ्या वहीत ती मापं जमलेली असतील.